आधी जोडा, मग झोपा! अर्थात, कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणजे काय रे भाऊ?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी निबंध शेवटचा लिहिला तो दहावीत. त्यामुळे "मराठी विभागासाठी एक टेक्निकल लेख दे" असं संपादक मंडळाने म्हटल्यावर माझी बोबडीच वळली. पण हा विषय आपल्या मेसच्या बिलाशी निगडित आहे, आणि त्या बिलाबद्दल तुम्हा सर्वांना आमच्याकडून एक स्पष्टीकरण येणं बाकी आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि लेख शेवटपर्यंत वाचा, ही नम्र विनंती. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी पान उलटू नये. तुमच्यासाठीही यात काहीतरी आहे.

दिवाळीच्या बिलाचं महाभारत

मेसचा हिशोब पूर्वी एक्सेल शीटवर व्हायचा, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. जुलै २०२५ पासून आम्ही चौघांनी त्यासाठी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहायला घेतला. चौघं म्हणजे मी, माझी सातारची रूममेट, बॉइज हॉस्टेलमधला एक नांदेडकर आणि रोज शीळफाट्याचा ट्रॅफिक खाऊन येणारा एक डे-स्कॉलर डोंबिवलीकर. (हा मेसमध्ये जेवत नाही, पण मेसबद्दल मतं सर्वात जास्त याचीच!) ऑगस्ट आणि सप्टेंबरची बिलं अचूक लागली. रेक्टर सरांनी पाठ थोपटली. आम्ही हवेत.

नोव्हेंबरमध्ये ऑक्टोबरचं बिल बोर्डावर लागलं. दिवाळीला जवळजवळ सगळे घरी गेलेले, त्यामुळे रिबेटही भरपूर. तक्रार एकही आली नाही. कशी येणार? प्रत्येकाला एका दिवसाचा रिबेट जास्त मिळाला होता! तक्रार आली ती मेसच्या काकांची. त्यांनी स्वतःची वही माझ्यासमोर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, सतरा तारखेपासून चोवीसपर्यंत म्हणजे आठ दिवस होतात ना? तुमचा कॉम्प्युटर नऊ म्हणतोय."

६४ जणांच्या सुट्ट्या, दिवसाला ११० रुपये. म्हणजे ७,०४० रुपये काकांच्या खिशातून गेले होते. आमच्या एका आकड्याच्या चुकीमुळे.

त्या रात्री आम्ही चौघं कॉमन रूममध्ये लॅपटॉप उघडून बसलो. गिटमध्ये 'ब्लेम' नावाची एक कमांड आहे. प्रोग्रॅमची कुठली ओळ शेवटी कोणी बदलली, ते ती दाखवते. बिलाच्या हिशोबात एका ठिकाणी 'अधिक एक' असं लिहिलेलं सापडलं, आणि त्या ओळीसमोर नाव होतं माझ्या रूममेटचं. झालं! "अगं, एवढं पण कळत नाही का तुला?" हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. बाकी दोघांनीही आपापली भर घातली. ती काही न बोलता उठून गेली आणि पुढचे चार दिवस एकाच खोलीत राहून माझ्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी डोंबिवलीकराने सगळा जुना इतिहास तारखेनुसार लावून पाहिला. तिची ओळ बरोबर होती. ऑगस्टमध्ये तिने ती लिहिली, तेव्हाही बरोबरच होती.

कॉन्फ्लिक्ट नव्हता, पण मेळही नव्हता

आता नेमकं काय झालं ते सांगते. ज्यांना गिट माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर. त्यात सगळ्यांचा कोड एका सामाईक ठिकाणी राहतो. त्याला रेपॉझिटरी, लाडाने रेपो म्हणतात. मेसचं एकच रजिस्टर असावं तसं. मुख्य प्रत म्हणजे 'मेन' ब्रँच. प्रत्येकाने त्या रजिस्टरची आपली झेरॉक्स काढायची (ती त्याची ब्रँच), त्यावर काम करायचं आणि झालं की मुख्य रजिस्टरमध्ये जोडायचं. या जोडण्याला मर्ज म्हणतात.

आमच्या रेपोत दोन तारखांमधले दिवस मोजणारं एक छोटं फंक्शन होतं. ते नुसती वजाबाकी करायचं. चोवीसमधून सतरा गेले, उरले सात. नांदेडकराने जुलैअखेरीस आपली ब्रँच काढली, कारण त्याला सुट्टीचा फॉर्म बनवायचा होता. फॉर्मवर आठऐवजी सात दिवस दिसतात म्हणून त्याने आपल्या ब्रँचमध्ये ते फंक्शनच सुधारलं. आता उत्तर आठ. एकदम बरोबर.

इकडे ऑगस्टमध्ये माझ्या रूममेटने मेनवर बिलाचा भाग लिहिला. तिच्यासमोर जुनंच फंक्शन होतं, सात सांगणारं. म्हणून तिने आपल्या बाजूने 'अधिक एक' केलं. उत्तर आठ. हेही एकदम बरोबर.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नांदेडकराची तीन महिने जुनी ब्रँच मेनमध्ये जोडली गेली. आठ अधिक एक, नऊ! दोघांनी वेगवेगळ्या फाइली बदललेल्या, त्यामुळे गिटने हूं की चूं केलं नाही. एकाच ओळीवर दोघांनी हात मारला की गिट कॉन्फ्लिक्ट म्हणून ओरडतं. ओळींचा अर्थ एकमेकांशी जुळतो की नाही, हे त्याला कळत नाही. दोन बरोबर गोष्टी जोडून एक चूक तयार होते, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आम्हीच काही जगावेगळे मूर्ख नाही, एवढं समाधान नंतर मिळालं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचून हरवलं. एका टीमचं सॉफ्टवेअर आकडे पाउंडाच्या हिशोबात देत होतं, आणि दुसरी टीम ते न्यूटनच्या हिशोबात आहेत असं धरून चालली होती. आपापल्या जागी दोघांचं गणित चालू होतं. तुटलं ते सांध्यावर.

आपल्या शेजारचा बोगदा

सिव्हिलवाल्यांनो, आता तुमची पाळी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी बीकेसीपासून आपल्या शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा आखलेला आहे, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. यातला घणसोली ते शीळफाटा हा सुमारे ५ किलोमीटरचा तुकडा टीबीएम मशीनने नव्हे, तर न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथडने, म्हणजे टप्प्याटप्प्याने सुरुंग लावून खोदला. काम लवकर व्हावं म्हणून मध्येच एक ३९४ मीटरचा आडवा पूरक बोगदा काढला आणि त्यातून दोन्ही दिशांना खोदाई सुरू केली. त्यामुळे समोरासमोरून दोन तोंडं एकमेकांकडे सरकत आली. ९ जुलै २०२५ रोजी २.७ किलोमीटरचा पहिला टप्पा आरपार झाला, आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी शेवटचा सुरुंग उडून ४.८८ किलोमीटरचा पूर्ण तुकडा जुळला.

आता विचार करा. दोन गट पारसिकच्या डोंगराखाली समोरासमोरून खोदत येताहेत. दोघांनी "शेवटच्या दिवशी बघू भेटतो का" असं म्हटलं असतं तर? एका गटाची दिशा थोडी जरी चुकली असती तर ते कळायला सगळा डोंगर पोखरावा लागला असता. म्हणून या पद्धतीत काम तुकड्या-तुकड्याने होतं. भोकं पाडायची, सुरुंग उडवायचा, डबर बाहेर काढायचं, शॉटक्रीट मारायचं, रॉक बोल्ट बसवायचे, खडक किती हलला ते मोजायचं, दिशा तपासायची. मगच पुढचा सुरुंग. चूक झालीच तर ती शेवटच्या काही मीटरमध्येच असणार, हे नक्की.

कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे सीआय, ते हेच! काम छोट्या तुकड्यांत करायचं, प्रत्येक तुकडा शक्यतो त्याच दिवशी मेनला जोडायचा, आणि प्रत्येक जोडणीनंतर सगळं नीट चालतं का ते मशीनने आपोआप तपासायचं. तपासणीच्या या ठरलेल्या पायऱ्यांना पाइपलाइन म्हणतात. आम्ही तीन महिने न मोजता खोदत राहिलो होतो.

सबमिशनच्या आदल्या रात्री चौघांचा कोड एकदम जोडणं म्हणजे संध्याकाळचा शीळफाटा. कल्याणकडून, मुंब्र्याकडून, पनवेलकडून, महापेकडून सगळे एकाच वेळी येणार आणि कोणीच हलणार नाही.

ही कल्पना आली कुठून?

हा शब्द ग्रेडी बूच यांनी १९९० च्या दशकात वापरला. केंट बेक यांनी १९९९ च्या 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग'वरच्या पुस्तकात त्याला रोजची शिस्त बनवलं. २००० साली मार्टिन फाउलर यांनी त्यावर लेख लिहिला, आणि २००१ मध्ये त्यांच्याच थॉटवर्क्स कंपनीतून क्रूझ कंट्रोल हे पहिल्या काही सीआय सर्व्हरपैकी एक बाहेर आलं. (थॉटवर्क्सचं ऑफिस पुण्यातही आहे, प्लेसमेंटवाल्यांनी नोंद घ्यावी!)

मला आवडलेली गोष्ट मात्र कोहसुके कावागुची यांची. हे सन मायक्रोसिस्टिम्समध्ये इंजिनिअर होते. त्यांच्या कोडमुळे वारंवार बिल्ड मोडायचं आणि टीमची बोलणी खावी लागायची. वैतागून त्यांनी २००४ च्या सुमारास स्वतःचा कोड आधीच तपासून देणारा एक प्रोग्रॅम लिहिला, नाव हडसन. पुढे ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये हडसनचा झाला जेन्किन्स. आज ज्याच्या त्याच्या रेझ्युमेवर असतो तोच. म्हणजे हे सगळं सुरू झालं ते शिव्या खाव्या लागू नयेत म्हणून. माझ्या रूममेटला हे सांगितलं तेव्हा ती चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

आम्ही काय केलं (तुम्हीही करू शकता)

आमचा रेपो गिटहबवर आहे, म्हणून आम्ही गिटहब अॅक्शन्स वापरलं. २०१९ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. रेपो पब्लिक असेल तर त्यांची नेहमीची मशीन्स फुकट मिळतात. प्रायव्हेट असेल तर फुकट अकाउंटवर महिन्याला २,००० मिनिटं. आपल्या प्रोजेक्टला ती पुरून उरतात.

पायरी १: आधी टेस्ट. पाइपलाइन म्हणजे जादू नाही. तपासायला काही नसेल तर ती रिकामी फिरेल आणि "सगळं छान" म्हणेल. आणि इथेच मोठी मेख आहे. नांदेडकराने नुसत्या आपल्या फंक्शनची टेस्ट लिहिली असती तर ती पास झाली असती. आम्हाला हवी होती ती पूर्ण बिलाची टेस्ट: या तारखा घाल, एवढे रुपये आले पाहिजेत. पण बरोबर उत्तर कुठून आणायचं? आमच्याच प्रोग्रॅमला विचारून उपयोग नाही. मग आम्ही काकांकडे गेलो. त्यांच्या वहीत हाताने केलेले जुने हिशोब होते. त्यातले २० निवडले. महिनाअखेर ओलांडणारी सुट्टी, एकाच दिवसाची सुट्टी, फेब्रुवारी, मध्येच परत आलेला मुलगा, सगळे नमुने. तेच आमच्या टेस्ट झाले, पायटेस्ट नावाच्या टूलमध्ये लिहिलेले. काकांची वही ही आमची पहिली टेस्ट फाइल!

पायरी २: वर्कफ्लो फाइल. रेपोमध्ये 'डॉट गिटहब' नावाचा फोल्डर, त्यात 'वर्कफ्लोज' नावाचा फोल्डर, त्यात एक यामल फाइल. एवढंच. यामलमध्ये ओळ किती आत सरकवली याला अर्थ असतो आणि टॅब चालत नाही, स्पेसच द्यावी लागते. (यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.) फाइलमध्ये तीन गोष्टी सांगायच्या. एक, कधी चालायचं: कोणी पुश केलं किंवा पुल रिक्वेस्ट काढली की. पुल रिक्वेस्ट म्हणजे "माझी ब्रँच मेनला जोडू का?" असा रीतसर अर्ज. दोन, कुठे चालायचं: आम्ही उबुंटू मशीन निवडलं. तीन, काय करायचं: कोड उतरवून घे, पायथॉनचं ठरलेलं व्हर्जन लाव, यादीतल्या लायब्ररी इन्स्टॉल कर, पायटेस्ट चालव.

मशीन दर वेळी कोरं करकरीत असतं, हा मोठा फायदा. "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!" हे आपलं राष्ट्रीय वाक्य तिथे चालत नाही. पहिल्याच दिवशी कळलं की आमची एक लायब्ररी यादीत नव्हतीच. चौघांच्या लॅपटॉपवर ती कधीतरी टाकलेली होती, म्हणून कुणाला पत्ता नव्हता.

प्रत्येक कमांड संपताना एक आकडा परत देते. शून्य म्हणजे ठीक, दुसरं काहीही म्हणजे गडबड. सगळ्या पायऱ्या शून्य आल्या की हिरवी खूण, नाहीतर लाल फुली.

आणि हे महत्त्वाचं. पुल रिक्वेस्ट असेल तर गिटहब नुसती तुमची ब्रँच तपासत नाही. तुमची ब्रँच मेनला जोडल्यावर जे तयार होईल, ते तपासतं. म्हणजे ती जोडायच्या आधीच, पुल रिक्वेस्ट काढल्या काढल्या, नांदेडकराला लाल फुली दिसली असती: अपेक्षित आठ, आलं नऊ. बिल बोर्डावर लागायच्या कितीतरी आधी!

पायरी ३: मेनला कुलूप. पाइपलाइन लाल झाली आणि तरी जोडता आलं तर काय उपयोग? सेटिंग्जमध्ये ब्रँच प्रोटेक्शन म्हणून सोय आहे. मेनवर थेट पुश बंद, आणि टेस्ट हिरव्या असल्याशिवाय मर्जचं बटण दाबताच येत नाही. तिथेच "मर्ज करण्याआधी ब्रँच ताज्या मेनशी जुळवलेली असावी" अशीही एक खूण आहे, तीही लावा. कारण दोन पुल रिक्वेस्ट वेगवेगळ्या वेळी हिरव्या होऊनही एकत्र आल्यावर मोडू शकतात. फुकट अकाउंटवर हे कुलूप पब्लिक रेपोलाच मिळतं.

पब्लिक रेपोबाबत एक इशारा. खऱ्या मुलांची नावं, रूम नंबर, पासवर्ड यातलं काहीही रेपोत टाकायचं नाही. पासवर्ड लागलाच तर गिटहबच्या सिक्रेट्समध्ये ठेवायचा. काकांच्या वहीतून आम्ही फक्त तारखा आणि रुपये उचलले, नावं नाहीत.

पायरी ४: वेग. तपासणी दहा मिनिटांच्या आत संपावी असा जाणकारांचा दंडक आहे. जास्त वेळ लागला की माणूस चहाला जातो आणि परत येत नाही. आमची दोन मिनिटांत संपते.

रात्री बारानंतरचं भूत

सगळं मार्गी लागलं असं वाटलं आणि एक विचित्र प्रकार सुरू झाला. दिवसा हिरवी असणारी एक टेस्ट रात्री लाल व्हायची. तीच टेस्ट, तोच कोड. सकाळी परत चालवली की हिरवी. डोंबिवलीकर घरी जाऊन वेळेवर झोपतो, त्याला कधीच दिसली नाही. आम्हा हॉस्टेलवाल्यांनाच दिसायची. नांदेडकर म्हणाला, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल, सोडून दे.

सोडलं नाही म्हणून कारण सापडलं. गिटहबच्या मशीनचं घड्याळ यूटीसीवर चालतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा वाजून तारीख बदलते, तेव्हा त्या मशीनवर अजून कालचीच तारीख असते, ती थेट पहाटे साडेपाचपर्यंत. आमच्या टेस्टमध्ये सुट्टीच्या अर्जाची वेळ भारतीय होती, पण "आज" मात्र मशीनला विचारलेला. बारा ते साडेपाच या वेळात अर्ज 'उद्याचा' ठरायचा आणि टेस्ट पडायची. आणि आपण हॉस्टेलवाले कोड कधी लिहितो? बरोबर त्याच वेळात!

इलाज सोपा. प्रोग्रॅमला भारतीय वेळ स्पष्ट सांगितली, आणि टेस्टमध्ये "आज" न विचारता एक ठरावीक तारीख बांधून दिली. शिकलो ते असं की कधी पास, कधी नापास होणाऱ्या टेस्टकडे दुर्लक्ष करायचं नाही. एकदा "ती अशीच करते" म्हणायची सवय लागली की खरी लाल फुलीही दिसेनाशी होते.

मशीन ओरडलं तर वाईट वाटत नाही

आता आमचे तीनच नियम आहेत. ब्रँच दोन दिवसांपेक्षा जास्त जगू द्यायची नाही. मेन लाल असेल तर बाकी सगळं काम थांबवून आधी ते हिरवं करायचं. आणि लाल झालं की "कोणी केलं?" न विचारता "काय जुळलं नाही?" विचारायचं.

तिसरा नियम मी लिहिला, कारण तो मोडणारी पहिली मीच होते. ब्लेम कमांडने मला एक नाव दिलं आणि मी तेवढ्यावर निकाल देऊन टाकला. ओळ शेवटी कोणी बदलली एवढंच ती सांगते, चूक कोणाची हे नाही. खरं तर चूक कोणा एकाची नव्हतीच. तीन महिने कुणी कुणाचं काम जोडून पाहिलं नाही, ही चौघांची चूक. आता लाल फुली आली की ती दोन मिनिटांत दिसते. मशीन ओरडलं तर वाईट वाटत नाही. मैत्रीण ओरडली तर वाटतं.

७,०४० रुपयांचं काय झालं? रेक्टर सरांच्या परवानगीने डिसेंबरमध्ये लागलेल्या बिलात तो एक दिवस समायोजित केला. त्या बिलात तुम्हाला ११० रुपये जास्त का लागले, हे ज्यांनी मला मेसच्या रांगेत विचारलं होतं, त्यांना हे उत्तर. आणि सर्वांची मनापासून माफी, काकांची सर्वात आधी.

मेगा प्रोजेक्टला बसणाऱ्यांना एवढंच सांगेन, पहिल्या दिवशी पाइपलाइन लावा. एक टेस्ट असली तरी चालेल. काही अडलं तर आमच्यापैकी कुणालाही मेसमध्ये गाठा, संध्याकाळच्या चहाला आम्ही चौघं असतोच. हो, चौघं. डोंबिवलीकरही आता चहा इथेच पितो, ट्रॅफिक ओसरेपर्यंत.